पत्र्याचं वय

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची गाडी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती भरली आणि विषय संपला. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून निरोपाचे लेख आले. छतावरचं कॅरिअर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, सिनेमातल्या टॅक्स्या, सगळ्यांची आठवण निघाली. मी वाचलेल्या एकाही लेखात त्या गाड्यांच्या तळाबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. भर पावसाळ्यात ज्यांनी त्या टॅक्स्यांतून प्रवास केलाय, त्यांना रबरी मॅटखालून पायाशी येणारं पाणी आठवत असेल. ते दारातून येत नव्हतं, खालून येत होतं.

इंजिनाचं काय, ते कितीही वेळा खोलता येतं. रिंगा बदलल्या, क्रँक घासून घेतला, हेड फेस करून आणलं की पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पुन्हा आपलं सुरू. पुढे तर कित्येक टॅक्स्यांनी पेट्रोल सोडून सीएनजी धरला. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सिटा, काचा यांतलं काहीही गाडीपासून सोडवून बदलता येतं. ज्याला हे सगळं जोडलेलं असतं तो सांगाडा तेवढा बदलता येत नाही. पद्मिनीला, ॲम्बॅसॅडरला, मारुती ८०० ला वेगळी चासी नव्हती. बॉडी हीच चासी. म्हणून आरसी बुकात वय वर्षांत लिहिलेलं असो, विकणारा ते किलोमीटरमध्ये सांगो, गाडी संपते ती पत्र्याच्या वयाने.

हे पुस्तक त्या पत्र्याबद्दल आहे. पहिल्या भागात जुन्या गाडीतला न दिसणारा गंज, दुसऱ्यात तीच गाडी सुटे भाग काढण्यासाठी कशी खोलायची ते. हे दोन विषय एकाच पुस्तकात कशाला, असं कच्चा खर्डा वाचणाऱ्यांपैकी काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. एकाला गाडी जगवायची असते, दुसऱ्याला ती मोडीत काढायची असते. पण गंज नेमका कुठे लागतो, हे गाडी दुरुस्त करणाऱ्यापेक्षा गाडी तोडणाऱ्याला जास्त कळतं. दुरुस्ती करणारा जिथे तक्रार आहे तेवढंच उघडतो. तोडणारा सगळं उघडतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात या धंद्यात मुरलेल्या माणसासमोर एखाद्या मॉडेलचं नुसतं नाव घ्या. तिचा कुठला कोपरा सडका निघणार ते तो चहाचा कप खाली न ठेवता सांगतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ही माहिती सापडत नाही, कारण मॅन्युअल गाडी नवी असताना लिहिलेलं असतं. चालत्या गाडीचा गंज ओळखायचा असेल तर आधी तोडलेली गाडी पाहावी, एवढीच या पुस्तकामागची धारणा आहे.

गंज लपून का राहतो, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते समजून घेतलं तर पुढची सगळी प्रकरणं सोपी जातात. आपली सर्वसाधारण समजूत अशी की जिथे जास्त पाणी आणि जास्त हवा तिथे जास्त गंज. ती अर्धीच खरी. लोखंड एका जागी इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या जागी ते इलेक्ट्रॉन उचलतो, आणि मधला ओलावा हे सर्किट पुरं करतो. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडाच्या पृष्ठभागावर खारट पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवलं. थेंबाच्या कडेला हवा भरपूर पोचते, मध्यभागी कमी. लोखंड खाल्लं गेलं ते मध्यभागी. म्हणजे ऑक्सिजन जिथे पोचत नाही, तिथला धातू आधी जातो.

आता हेच गाडीला लावून पाहा. मोटारीची बॉडी म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचे पत्रे एकावर एक ठेवून हजारो स्पॉट वेल्डनी शिवलेला डबा. प्रत्येक जोडात दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट. त्या फटीत पाणी शिरतं, हवा शिरत नाही. मडगार्डच्या आतल्या घडीत बसलेला चिखल, सुटलेल्या अंडरबॉडी कोटिंगमागची पोकळी, गालिच्याखालचा भिजका नमदा, या सगळ्या ऑक्सिजन न पोचणाऱ्या जागा. बॉनेटवरचा रंग उडालेला डाग उन्हापावसात वर्षानुवर्षं तपकिरी राहून तसाच टिकतो. मालकाला मात्र तोच टोचत असतो, आणि तोच तो आधी रंगवून घेतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. जोडात गंज वाढला की तो पत्रे एकमेकांपासून उचकटतो, वेल्ड तुटतात, फट रुंदावते, आणखी पाणी आत येतं. बाहेर दिसतो तो फक्त रंगाचा एक फुगवटा, तांदळाच्या दाण्याएवढा. तो आतून बाहेर आलेला असतो. नखाने टोकरला तर खाली भोकच निघतं.

यात मीठ मिसळलं की काम वेगाने होतं. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या इंग्रज संशोधकाने दाखवून दिलं की हवेची आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपलीकडे गेली की लोखंडाचं गंजणं एकदम वाढतं. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याच्या बरीच वर असते, आणि किनाऱ्यावरच्या हवेतले क्षार कोरड्या हवेतूनही ओल ओढून घेतात. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि तिथल्या गाड्या खालून सडतात. आपल्याकडे ते काम समुद्र करतो. कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेल्या दोन मारुती ८०० घ्या, एक सोलापुरात वाढलेली, एक मालवणात. वीस वर्षांनी सोलापूरच्या गाडीचा रंग उन्हाने पांढरा पडलेला असेल, डॅशबोर्ड तडकलेला असेल, रबरं कडक झालेली असतील. मालवणची दिसायला कदाचित जास्त देखणी असेल. तरी मी सोलापूरची घेईन.

पोकळ जागा कुठे कुठे असतात त्याचा नकाशा पुढे मॉडेलवार दिला आहे. इथे एकच जागा जवळून पाहू: दार. दाराच्या काचेला बाहेरून रबर असतं, पण त्या रबराने पाणी पूर्ण अडावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाशी ठेवलेल्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं, अशीच ती रचना आहे. या भोकांचं मूळ काम आणखी वेगळं. कारखान्यात अख्खी बॉडी विद्युतभारित प्रायमरच्या हौदात बुडवतात. पोकळ भागांत प्रायमर शिरावा आणि निथळून बाहेर यावा म्हणून भोकं लागतात. हा थर साधारण वीस मायक्रॉनचा, पण पोकळीच्या आत पोचणारा तोच एक रंग. जुन्या गाड्यांना प्रायमर फवाऱ्याने मारत, तो आत पोचतच नसे. त्यांचे पोकळ भाग आतून जन्मापासून जवळजवळ उघडे. दाराच्या तळाची भोकं धूळ, पानं आणि काचेच्या रबराचा भुगा यांनी बुजली की दाराची टाकी होते. दार उघडताना आतून डुबडुब आवाज आला तर समजावं. ही भोकं काडीने मोकळी करायला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. तरी डेंटरकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत दाराची खालची कड सडलेली नाही अशी गाडी विरळा.

दुसरी जागा एसीची. थंड कॉइलवर जमलेलं पाणी एका नळीने गाडीखाली पडतं. नळी तुंबली की ते डॅशबोर्डखालून डाव्या बाजूच्या पायाशी उतरतं. गालिचा वरून कोरडा लागतो, खालचा नमदा चिंब असतो. मालक म्हणतो, गाडीत कसला तरी वास येतो, आणि सुगंधाची कुपी आणून लावतो.

गंज ही गरीब देशातल्या गाड्यांची किंवा हयगय करणाऱ्या मालकांची गोष्ट आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. १९६९ मध्ये फियाटने लान्चिया ही इटालियन कंपनी घेतली आणि १९७२ मध्ये लान्चिया बीटा बाजारात आली. चालवायला उत्तम, दिसायला झोकदार, ब्रिटनमध्ये तिने चांगलं बस्तान बसवलं. पुढे असं दिसलं की इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या सबफ्रेमवर टेकलेले असतात, ती सबफ्रेम मागच्या बाजूला जिथे बॉडीला बोल्ट केलेली असते तिथला पोकळ भाग आतून सडतोय. पाणी तिथे साचून राहत होतं. रंगावर काही दिसत नव्हतं, गाडी सुरळीत चालत होती, आणि इंजिन धरून ठेवणारी जागा हळूहळू भुसभुशीत होत होती. १९८० च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी हा विषय उचलला. कंपनीने पहिल्या मालिकेतल्या गाड्या तपासून सडलेल्या परत विकत घेतल्या आणि चेचून टाकल्या. तो भाग नंतरच्या गाड्यांत सुधारलेला होता, पण लोकांच्या डोक्यातून गेला नाही. १९९४ मध्ये लान्चियाने ब्रिटनची बाजारपेठ सोडली. वाहनजगतात आजही कुणी ‘लान्चिया’ म्हटलं की दुसऱ्या वाक्यात गंज येतो. या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती जागा. पत्र्याला कुठेही भोक पडलं तरी ते वाईटच. पण जिथे इंजिन, स्टिअरिंग, शॉकअप किंवा सीटबेल्ट बांधलेला आहे तिथे पडलं तर ते जीवावरचं.

ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत हा विचार थेट नियमात उतरला आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, आणि ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट यांच्या बांधणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झालेला आढळला तर गाडी नापास. मधल्या भागात भोक असलं तरी लगेच नापास होतेच असं नाही. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं फिटनेस तपासणी नाही, नंतर दर पाच वर्षांनी. त्या वेळीही धूर, दिवे, ब्रेक बघितले जातात. स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. मजबूत चासीच्या गाड्यांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा पिकअपची आणि तिच्या भावंडांची लोखंडी फ्रेम सडण्याचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि तडजोडीत सुमारे १५ लाख गाड्या आल्या. फ्रेमला १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक आरपार पडलं असेल तर ती बदलून द्यायची, असा निकष ठरला. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं लोखंड होतं ते, पत्रा नव्हे.

आपल्याकडे गंज दुरुस्त करण्यापेक्षा झाकण्याचं कौशल्य जास्त विकसित झालं आहे, हे कौतुकाने नव्हे पण मान्य करून लिहितो. सडलेल्या जागी जाळी किंवा फायबरचं कापड लावायचं, वर लांबी ओढायची, घासून गुळगुळीत करायची, रंग मारायचा. काही वेळा आत वर्तमानपत्राचा बोळाही निघतो. तारीख वाचून दुरुस्ती कधीची ते कळतं, हा त्यातल्या त्यात फायदा. लांबी स्वतः ओल धरते, त्यामुळे दोन पावसाळ्यांत फुगवटा पुन्हा वर येतो, तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. कोकणात मृगाआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. त्याने पाणी अडतं, हे खरं. पण रबरी बुश त्या तेलाने फुगून खराब होतात, आणि थेंब पडतात ते अंगणात, विहिरीच्या काठाशी. त्याऐवजी पोकळ भागांत पातळ मेण फवारावं. कसं, ते पहिल्या भागाच्या शेवटी आहे. डांबरी अंडरबॉडी कोटिंगबद्दल माझं मत गॅरेजवाल्यांना आवडणार नाही. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर ते ठीक. गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर तो गंजाला दिलेला आडोसा असतो.

जुनी गाडी बघायला जाताना सोबत काय न्यावं याची यादी सहाव्या प्रकरणात आहे. ती फार लांबलेली नाही. विजेरी, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. लांबीच्या जाड थरावर चुंबक धरत नाही. मुठीने दाराखालच्या पेटीवर ठोकत गेलं तर चांगला पत्रा टणत्कार देतो, सडका बद्द वाजतो. जॅक लावायच्या जागेवर अंगठा जोरात दाबून पाहावा. पत्रा आत गेला तर मालकाचे आभार मानून निघावं. पुरात बुडालेल्या गाडीसाठी मात्र वेगळी नजर लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ ला चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर धुवून-पुसून स्वस्तात निघालेल्या गाड्या दूरच्या गावांत जाऊन विकल्या जातात. पुराचं पाणी ओसरतं. पोकळ भागांत गेलेला गाळ तसाच राहतो आणि ओल धरून बसतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गढूळ पाण्याची रेघ तिथे राहिलेली असते. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा.

मग गाडी कधी सोडून द्यायची? याचं उत्तर भावनेवर ठरतं हे मला माहीत आहे, तरी एक हिशेब सांगतो. नवा पत्रा वेल्ड करायला चांगला पत्रा लागतो. सडलेली जागा कापत कापत आपण चांगल्या पत्र्यापर्यंत पोचलो आणि ती कड शॉकअपच्या बैठकीत किंवा सबफ्रेमच्या बांधणीत जाऊन थांबली, तर पुढचं काम साध्या डेंटरचं राहत नाही. गाडी जिगवर चढवून मापं घ्यावी लागतात. वाळवी लागलेल्या चौकटीला पट्ट्या ठोकून दार लटकवण्यात अर्थ नसतो, तसंच हे. अशा वेळी ती गाडी दुसऱ्या एखाद्या गाडीला जगवू शकते, आणि इथून पुस्तकाचा दुसरा भाग सुरू होतो.

भाग काढण्यासाठी गाडी खोलणं आणि भंगारात घालण्यासाठी ती कापणं, यात फरक आहे. भंगारवाला वजन बघतो. मारुती ८०० अख्खी मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यात सुमारे दोन तृतीयांश लोखंड-पोलाद. ते गॅस कटरने तासाभरात तुकडे होऊन जालन्याच्या भट्ट्यांकडे जायला मोकळं. भाग काढणाऱ्याचं लक्ष मात्र लोखंडाकडे नसतंच. टाटा सिएराच्या मागच्या बाजूच्या वळणदार मोठ्या काचा शोधणारी माणसं आज देशभर आहेत, कारण ती काच दुसऱ्या कुठल्या गाडीची बसत नाही. कॉन्टेसाच्या लाइट, पद्मिनीच्या दारांची हँडलं, जिप्सीचा ट्रान्सफर बॉक्स यांचंही तेच. ज्या गाडीचा तळ चाळणी झालाय तिच्या काचा, दिवे, डॅशबोर्ड, गिअरबॉक्स, कधीकधी इंजिनसुद्धा उत्तम स्थितीत असतं. गंज पत्रा खातो, काच खात नाही. म्हणूनच सडक्या गाडीला निव्वळ वजनाने देऊन टाकणं म्हणजे शुद्ध नुकसान.

खोलायचा क्रम दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात आहे आणि तो बदलू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी. मग पेट्रोल, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल वेगवेगळ्या कॅनमध्ये काढून घ्यायचं. एसीचा गॅस हवेत सोडायचा नाही, तो भरून घेणारा बोलवायचा. एअरबॅग असतील तर बॅटरी काढल्यावर थोडा वेळ थांबायचं आणि माहितगारानेच त्यांना हात लावायचा. त्यानंतर काचा, सिटा, दारं, वायरिंग, मग इंजिन-गिअरबॉक्स, आणि शेवटी पुढचं-मागचं सस्पेन्शन. वायरिंग अख्खं ओढून काढायचं यामागे केवळ तांब्याचा भाव नाही. तांबं पोलादात मिसळलं की भट्टीत ते वेगळं काढता येत नाही, आणि असं पोलाद तापवून लाटताना तडकतं. आणि रिकाम्या पेट्रोल टाकीजवळ गॅस कटर नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ जातो तो धरून बसलेल्या बोल्टवर. ज्या गंजाने गाडी घालवली तोच तिचे भाग सुटू देत नाही. सायलेन्सरचे स्टड, सस्पेन्शनच्या बुशमधून जाणारे लांब बोल्ट, ब्रेकच्या पायपांचे छोटे नट ही ठरलेली ठिकाणं. घाईने लांब पाइप लावून पाना फिरवला तर बोल्टचं डोकं तुटतं आणि उरलेला तुकडा ड्रिल करत बसण्यात अर्धा दिवस जातो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, तेल सोडावं, हातोडीने डोक्यावर हलकेच ठोकावं, सकाळी पुन्हा तेल. मग षट्कोनी बॉक्स पाना लावून आधी किंचित आवळायचा, नंतर सोडायचा. आवळताना गंजाची पकड तुटते आणि बोल्ट पाव फेरा मागे येतो. तिथे थांबून परत आत, परत मागे. हे असं पुढेमागे करत काढलेला बोल्ट आट्यांसकट हाती येतो. नाहीच आला तर नटवर ज्योत, बोल्टवर नाही. ब्रेकच्या पायपाचा नट मात्र वाचवायच्या फंदात पडू नये, पाइप कापून टाकावा. तो पाइप कुणी परत वापरताच कामा नये.

परत वापरू नयेत अशा आणखी काही गोष्टी आहेत आणि त्यांबाबत बाजार फार सैल आहे: सीटबेल्ट, ब्रेकचे रबरी होज, फुटलेल्या एअरबॅगचं मॉड्यूल, गंजलेली सबफ्रेम, वेल्ड केलेला स्टिअरिंगचा कुठलाही भाग. हे पैसे देऊन विकत घ्यायला लोक तयार असतात म्हणून ते विकायचे, हे मला पटत नाही. याच्या उलट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. ज्यांना हे ठाऊक नसतं ते तो सायलेन्सरबरोबर किलोच्या भावात देऊन मोकळे होतात.

सुट्या भागांच्या बाजाराबद्दल लिहिताना चोरीच्या गाड्यांचा विषय टाळता येत नाही. मेरठचं सोतीगंज त्यासाठीच बदनाम झालं आणि २०२१ च्या अखेरीस बंद पडलं. पण म्हणून जुना भाग विकणारा प्रत्येक माणूस संशयित ठरत नाही. कुर्ल्याचा बाजार नसता तर महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या गाड्या केव्हाच उभ्या राहिल्या असत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम काढले. अशा केंद्रात गाडी दिली की ठेव-प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत राज्य देऊ शकतं. एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांबाबत उत्पादकांवरही जबाबदारी आली आहे. व्यवस्था चांगली आहे. ऑइल आणि बॅटरीचं ॲसिड गटारात जात नाही एवढा एक फायदाही पुरेसा. पण ती मुळात पोलादाच्या वजनाचा विचार करते. सिएराच्या काचेचं मोल तिला कळत नाही. ज्याला दोन्ही साधायचं आहे त्याने महत्त्वाचे भाग आधी सोडवून ठेवता येतील का आणि गाडी कोणत्या स्थितीत स्वीकारली जाईल, हे केंद्राला आगाऊ विचारून घ्यावं.

कागदांचं प्रकरण शेवटी ठेवलं आहे, पण वाचायचं ते सगळ्यात आधी. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने शक्यतो १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी परत करायची असते. नुसतं भंगारवाल्याला देऊन पैसे घेतले म्हणजे गाडी तुमच्या नावावरून गेली नाही. तुमची आरसी आणि तुमच्या गाडीच्या चासी नंबरचा तुकडा एकाच माणसाच्या हाती राहिला, तर तो नंबर उद्या चोरीच्या गाडीवर चढू शकतो, आणि पोलीस दार ठोठावतात ते आरसीवरच्या पत्त्यावर. म्हणून सांगाडा ट्रेलरवर चढण्याआधी बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आहे का बघा, थकलेली चलनं आणि पर्यावरण कर भरून टाका, चासी नंबरचा जवळून फोटो काढा. चासी नंबरचा तुकडा आरटीओकडे किंवा नोंदणीकृत केंद्राकडे जातोय याची लेखी पोच घेतल्याशिवाय मूळ आरसी हातावेगळी करू नका.